पैसे मिळालेली ओळच चुकीची निघाली: खांद्याच्या एमआर आर्थ्रोग्रामच्या बिलिंगचं एक प्रकरण

हे प्रकरण अमेरिकेतल्या एका इमेजिंग ग्रुपचं आहे, कोडिंगचं काम, म्हणजे झालेल्या तपासण्यांना बिलासाठीचे ठरलेले कोड लावणं, पुण्यातून व्हायचं. ग्रुपचं नाव, राज्य, तारखा सगळं काढून टाकलंय आणि पेशंटची ओळख लागेल असं काही ठेवलेलं नाही. मी त्या अकाउंटवर क्वालिटी ऑडिटला होते. लिहायचं कारण असं की डिनायल, म्हणजे विमा कंपनीचा पैसे द्यायला नकार, आलं की आपल्याकडे सगळ्यांचे डोळे नाकारलेल्या ओळीवर जातात, आणि इथे भानगड त्याच क्लेममधल्या (विम्याकडे पाठवलेल्या बिलातल्या) पैसे मिळालेल्या ओळीत होती.

पार्श्वभूमी

ग्रुपची हॉस्पिटलबाहेरची काही सेंटर्स, मशीन्स स्वतःची आणि रेडिओलॉजिस्टही स्वतःचे. त्यामुळे प्लेस ऑफ सर्व्हिस ११ (ऑफिस) आणि बिल ग्लोबल, म्हणजे डॉक्टरची फी आणि मशीनचा खर्च एकाच ओळीत, २६ (डॉक्टरची फी) आणि टीसी (मशीनचा खर्च) अशी विभागणी नाही. पेशंट पाठवणारे बहुतेक ऑर्थोपेडिक सर्जन.

खांद्याच्या एमआर आर्थ्रोग्रामला येणारी मंडळी साधारण तरुण असतात. बॉल फेकून फेकून खांदा दुखतोय, एकदा निखळला होता आता वारंवार निखळतो, लेब्रम (खांद्याच्या खोबणीभोवतीची कूर्चेची कड) फाटलाय का बघायचंय, असे. साध्या एमआरआयमध्ये लेब्रमची बारीक चीर दिसेलच याची खात्री नसते, म्हणून आधी सांध्यात कॉन्ट्रास्ट (इमेजमध्ये उठून दिसणारं द्रव) सोडतात, सांधा फुगतो, कॉन्ट्रास्ट चिरेत शिरतं आणि मग एमआरआयमध्ये ती चीर उठून दिसते. पेशंट तरुण म्हणजे पेयर (पैसे देणारी विमा कंपनी) बहुतेक कमर्शियल, म्हणजे खासगी; मेडिकेअरचे, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांच्या सरकारी विम्याचे, क्लेम थोडे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

प्रत्यक्ष प्रोसिजर अशी होते: पेशंट फ्लोरोस्कोपीच्या (स्क्रीनवर चालू दिसणाऱ्या एक्सरेच्या) टेबलावर, रेडिओलॉजिस्ट लोकल भूल देतात, स्क्रीनवर बघत सुई सांध्यात घालतात, दोन-तीन एमएल आयोडिनवालं कॉन्ट्रास्ट सोडून सुई आतच आहे ना हे बघतात, मग सलाइनमध्ये पातळ केलेलं गॅडोलिनियम सोडतात, सुई काढतात आणि पेशंट एमआरआयच्या खोलीत जातो. सगळे एमआर सिक्वेन्स यानंतरच होतात. म्हणजे काम दोन खोल्यांत होतं आणि बहुतेक वेळा रिपोर्ट एकच असतो, ज्याच्या डोक्यावर लिहिलेलं असतं ‘राइट शोल्डर आर्थ्रोग्राम अँड एमआरआय’. या शीर्षकाने बराच घोळ घातला.

कोणता कोड कशासाठी

ज्यांना माहितीये त्यांनी हा भाग सोडला तरी चालेल.

२३३५० म्हणजे खांद्याच्या आर्थ्रोग्राफीसाठी कॉन्ट्रास्ट टोचणं. यात फक्त इंजेक्शन येतं, इमेजिंग नाही. ७७००२ म्हणजे सुई नेमकी जागेवर नेण्यासाठी वापरलेली फ्लोरोस्कोपी, २०१७ पासून हा ॲड-ऑन कोड आहे, म्हणजे मूळ प्रोसिजरशिवाय एकटा येत नाही. ७३२२२ म्हणजे हाताच्या कुठल्याही सांध्याचा एमआरआय, कॉन्ट्रास्टसह. कॉन्ट्रास्टशिवाय असेल तर ७३२२१ आणि आधी कॉन्ट्रास्टशिवाय मग कॉन्ट्रास्टसह असेल तर ७३२२३. कॉन्ट्रास्ट शिरेतून न देता सांध्यात दिलं तरी ते ‘कॉन्ट्रास्टसह’च धरतात, सीपीटीच्या (प्रोसिजरच्या कोडांच्या अमेरिकन पुस्तकाच्या) रेडिओलॉजी गाइडलाइनमध्ये तसं स्पष्ट आहे.

आता राहिला ७३०४०. हा खांद्याच्या रेडिओग्राफिक आर्थ्रोग्राफीचा, म्हणजे कॉन्ट्रास्ट सोडल्यावर एक्सरे किंवा फ्लोरोच्या इमेज काढून, त्या जपून ठेवून, त्यावर डॉक्टरांनी निदान म्हणून काहीतरी वाचलेलं असतं त्याचा कोड. यात फ्लोरोस्कोपी आधीच धरलेली आहे, त्यामुळे ७३०४० आणि ७७००२ एकाच सांध्याला एकत्र येत नाहीत. सीपीटीमध्ये २३३५० च्या खालीच कंसातल्या सूचना आहेत: फ्लोरोखाली टोचून एमआर आर्थ्रोग्राम केला तर २३३५०, ७७००२ आणि ७३२२२ किंवा ७३२२३ वापरा, नुसता रेडिओग्राफिक आर्थ्रोग्राम असेल तर ७३०४०, आणि त्यात ७७००२ आलंच. एवढं सरळ लिहिलेलं असूनही पुढचं सगळं घडलं.

अडचण

सुरुवात डिनायल टीमकडून झाली. मेडिकेअरच्या काही क्लेममध्ये ७७००२ सीओ-९७ ने परत यायला लागलं, म्हणजे ‘याचे पैसे दुसऱ्या सर्व्हिसमध्ये आधीच आले’. क्लेमवर ओळी होत्या २३३५०, ७३०४०, ७७००२, ७३२२२ आणि कॉन्ट्रास्टचे एचसीपीसीएस (औषधं-साहित्याचे) कोड. बाकी सगळं पास, फक्त ७७००२ शून्य.

एआरवाल्यांनी (येणं बाकी असलेल्या पैशांचा पाठपुरावा करणाऱ्यांनी) ट्रेंड म्हणून क्लायंटला कळवलं. क्लायंटच्या बिलिंग मॅनेजरचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं: ७७००२ ला ५९ (ही सर्व्हिस वेगळी होती असं सांगणारा मॉडिफायर) लावा आणि परत पाठवा, आमच्या आधीच्या व्हेंडरकडे असंच करायचे. टीममधल्या एका नवीन मुलीने मला पिंग केलं, “मॅम, ५९ लावू का? आज संध्याकाळपर्यंत बॅच जाईल.” तिचा काही दोष नव्हता, क्लायंटने लेखी सांगितलंय, टीम लीडलाही चालतंय, मग तिने का अडायचं.

मी तिला फक्त रिपोर्ट उघडायला सांगितला. पहिलाच क्लेम उजव्या खांद्याचा, डायग्नोसिस एम२५.५११, उजव्या खांद्याचं दुखणं. रिपोर्टमधला प्रोसिजरचा परिच्छेद असा होता: फ्लोरोस्कोपीखाली २२ गेजची स्पायनल नीडल ग्लेनोह्युमरल सांध्यात नेली, ३ एमएल आयोडिनेटेड कॉन्ट्रास्ट सोडून सुईची जागा पक्की केली, मग सलाइनमधलं पातळ गॅडोलिनियम मिश्रण १२ एमएल सोडलं, पेशंटला त्रास झाला नाही, एमआरआयला पाठवलं. त्याच्या खाली ‘फाइंडिंग्स’ सुरू आणि तिथलं एकूण एक वाक्य एमआरआयचं. लेब्रम, बायसेप्स अँकर, रोटेटर कफ, कार्टिलेज. आर्थ्रोग्रामच्या इमेजमध्ये काय दिसलं याबद्दल अवाक्षर नाही. इंप्रेशनमध्येही नाही.

म्हणजे फ्लोरो कशासाठी वापरला? सुई नेण्यासाठी. मग ७७००२ बरोबर. आणि ७३०४० ला आधार काय? काहीच नाही, फक्त शीर्षकातला ‘आर्थ्रोग्राम’ हा शब्द. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, अगदी तसं. पेयरच्या सिस्टिमला रिपोर्ट दिसत नाही, तिला दोन कोड दिसले, एनसीसीआयच्या (कोणते कोड एकत्र चालत नाहीत याच्या मेडिकेअरच्या यादीतल्या) जोडीप्रमाणे तिने ७३०४० ला पैसे दिले आणि ७७००२ कापलं. सिस्टिमचंही बरोबरच आहे म्हणा, दोन्ही कोड आम्हीच पाठवले होते.

खाली स्क्रोल करताना अजून एक दिसलं. ए९५७९, गॅडोलिनियम कॉन्ट्रास्ट, दर एमएलला एक युनिट. क्लेमवर युनिट होती १२. रिपोर्टमध्ये १२ एमएल आहे ना, झालं. पण ते १२ एमएल मिश्रण होतं! या सेंटरची रेसिपी २० एमएल सलाइनमध्ये ०.१ एमएल गॅडोलिनियम अशी होती, बऱ्याच ठिकाणी साधारण हीच असते. हिशोब केला तर १२ एमएलमध्ये खरं गॅडोलिनियम जेमतेम ०.०६ एमएल. वरच्या पूर्ण आकड्याला राउंड केलं तरी एक युनिट, आणि बिल बारा युनिटचं. तीन एमएल आयोडिनवालं कॉन्ट्रास्ट क्यू९९६७ मध्ये तीन युनिट लावलं होतं, ते बरोबर होतं कारण ते पातळ न करता दिलं जातं आणि ३०० च्या स्ट्रेंथचं होतं. एकाच क्लेममध्ये एक कॉन्ट्रास्ट बरोबर आणि दुसरं बारापट.

यादी कुठून काढायची, पहिला निर्णय

इथे खरा फाटा होता असं मला आजही वाटतं. डिनायलची यादी हातात होती, ती घेऊन बसलो असतो तर काम छोटं होतं. पण वर म्हटलं तसं खांद्याचे पेशंट बहुतेक कमर्शियलचे. प्रत्येक कमर्शियल पेयर एनसीसीआयचे एडिट जसेच्या तसे लावतोच असं नाही, कोणी लावतात, कोणी स्वतःचे नियम ठेवतात. मी सहज म्हणून एका कमर्शियल पेयरचे दोन-चार इओबी (कुठल्या ओळीला किती पैसे दिले याचे हिशोब) उघडले तर ७३०४० ला पण पैसे आणि ७७००२ ला पण पैसे! म्हणजे ज्यांनी नाकारलं नाही त्यांचे क्लेम आमच्या यादीत आलेच नव्हते, आणि चूक तिथे जास्त मोठी होती.

म्हणून यादी डिनायल कोडवरून न काढता सीपीटीवरून काढायची ठरली: एकाच दिवशी, एकाच पेशंटला २३३५० आणि ७३०४० असलेला प्रत्येक क्लेम, पैसे मिळोत न मिळोत. टीम लीड सर आधी नाखूश होते, कारण पास झालेले क्लेम उघडायचे म्हणजे ते तास बिल कोणाला करायचे हा प्रश्न. रास्त प्रश्न आहे, आमचं काँट्रॅक्ट क्लेमच्या संख्येवर होतं, ऑडिटच्या तासांवर नाही. शेवटी क्लायंटला कल्पना देऊन मर्यादित काळाचे क्लेम घेतले.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय मॅनेजरबाईंचा, ७७००२ ला ५९ लावून परत पाठवणं. ५९ किंवा एक्सयू, एक्सएस वगैरे २०१५ पासूनचे मॉडिफायर कधी लावायचे? सर्व्हिस खरोखर वेगळी असेल तेव्हा, म्हणजे वेगळा सांधा, वेगळं सेशन, वेगळी भेट. इथे सुई एक, खांदा एक, वेळ एकच. ५९ लावणं म्हणजे आपण लेखी सांगतोय की हे वेगळं होतं. नव्हतं. ५९ लावल्यावर पैसे आले असते की नाही हा मुद्दाच नाही, आले असते तर अडचण आणखी वाढली असती.

दुसरा पर्याय ७७००२ राइट-ऑफ करून, म्हणजे ते पैसे सोडून देऊन, गप्प बसणं. हा सगळ्यात मोहाचा. ७३०४० आणि ७७००२ च्या रकमेत क्लेममागे फार फरक नव्हता, एक मिळालं एक गेलं, फिट्टंफाट. सरांचंही मत काही काळ असंच होतं, “अहो, पेयरचं नुकसान कुठे झालंय?” पण न झालेल्या तपासणीचे पैसे ठेवायचे आणि झालेल्या कामाचे सोडायचे, हा हिशोब रकमेत जुळला तरी रेकॉर्डमध्ये जुळत नाही. शिवाय पेशंटच्या हिस्टरीत एक न झालेली तपासणी कायमची राहते. आणि ज्या कमर्शियल पेयरनी दोन्हीचे पैसे दिले तिथे फिट्टंफाटही नाही.

तिसरा पर्याय क्लायंटकडच्या कोणीतरी सुचवला: रेडिओलॉजिस्टना सांगून अडेंडम (रिपोर्टला नंतरची पुरवणी) टाकून घेऊ, आर्थ्रोग्रामच्या इमेजबद्दल एक ओळ, म्हणजे ७३०४० उभा राहतो. यावर कॉलवर बराच वेळ गेला. अडेंडम टाकणं चूक नाही, डॉक्टरांनी त्या वेळी इमेज खरंच बघून निष्कर्ष काढला असेल, इमेज पॅक्समध्ये (इमेज साठवायच्या सिस्टिममध्ये) असेल आणि लिहायचं राहून गेलं असेल तर तारीख टाकून अडेंडम टाकतात. पण काही महिन्यांनी, डिनायल आल्यावर, बिलिंगच्या सांगण्यावरून, एकाच छापाची ओळ डझनावारी रिपोर्टमध्ये? ऑडिटरला हे एका नजरेत दिसतं. मी कॉलवर एवढंच म्हटलं की आम्ही डॉक्टरांना प्रश्न विचारू शकतो, उत्तर सुचवू शकत नाही. त्यांच्या कंप्लायन्सवाल्या मॅडम तोपर्यंत शांत होत्या, त्या तिथे पहिल्यांदा बोलल्या आणि हा पर्याय बाजूला पडला.

चौथा पर्याय रिपोर्ट वाचून क्लेम दुरुस्त करणं, जास्तीचे पैसे परत करणं आणि चूक येते कुठून ते शोधणं. मेडिकेअरच्या बाबतीत याला पर्याय फारसा नसतोच. जास्तीचं पेमेंट ओळखलं की ६० दिवसांत कळवून परत करायचं, २०२५ पासूनच्या नियमात तपासासाठी ही मुदत १८० दिवसांपर्यंत थांबवता येते, आणि मागे सहा वर्षांपर्यंत बघावं लागतं. जाणूनबुजून ठेवून घेतलं तर फॉल्स क्लेम्स ॲक्ट (सरकारकडे खोटे क्लेम करण्याविरुद्धचा कायदा) लागू शकतो. हे मॅनेजरबाईंना माहीत नव्हतं असं नाही, पण आतापर्यंत त्यांच्या डोक्यात हे ‘डिनायल’ होतं, ‘ओव्हरपेमेंट’ नव्हतं. तो शब्द ईमेलमध्ये लेखी आल्यावर सूर बदलला.

प्रत्यक्षात काय केलं

रिपोर्ट एकेक करून वाचले आणि वेगवेगळे ढीग केले. सगळ्यात मोठा ढीग पहिल्या क्लेमसारखाच, फ्लोरो फक्त सुईसाठी, आर्थ्रोग्रामचं वाचन नाही. तिथे ७३०४० काढायचा, ७७००२ ठेवायचा.

दुसरा ढीग छोटा पण डोकं खाणारा. एक ज्येष्ठ रेडिओलॉजिस्ट जुन्या वळणाचे, ते सुई काढल्यावर खांदा फिरवून इमेज काढायचे आणि रिपोर्टमध्ये वेगळ्या उपशीर्षकाखाली लिहायचे, ‘आर्थ्रोग्राम: कॉन्ट्रास्ट सबॲक्रोमियल बर्सामध्ये गेलं, कफ पूर्ण जाडीत फाटल्याची शक्यता’. हा खराखुरा आर्थ्रोग्राम. इमेज पॅक्समध्ये, वाचन रिपोर्टमध्ये. इथे ७३०४० बरोबर आणि ७७००२ काढायचा, डिनायल योग्य, राइट-ऑफ. म्हणजे तीच चार कोडांची चळत, पण एका ढिगात एक ओळ चूक आणि दुसऱ्या ढिगात दुसरी. एकच मॅक्रो चालवून सगळे क्लेम दुरुस्त करू असं म्हणणाऱ्यांना हा ढीग दाखवायचा.

मधलेही काही होते. ‘स्पॉट इमेजमध्ये सांध्यात कॉन्ट्रास्ट दिसतं.’ एवढी एकच ओळ. हे निदान आहे की सुईच्या जागेची खात्री? आमच्यात दोन मतं पडली. माझं मत, सुई आत आहे हे सांगणारं वाक्य गायडन्सचाच भाग आहे, त्यातून सांध्याबद्दल काही नवीन कळत नाही. आमच्या दुसऱ्या ऑडिटरचं म्हणणं, इमेज आहे, वाक्य आहे, डॉक्टरांचं काम आपण कमी का लेखायचं. शेवटी डॉक्टरांना मोकळा प्रश्न पाठवला, ‘या इमेज निदानासाठी घेतल्या होत्या की सुईची जागा बघण्यासाठी?’ बहुतेक उत्तरं आली सुईसाठी. ते पहिल्या ढिगात गेले.

आणि एक अनपेक्षित प्रकार. एक नवीन रेडिओलॉजिस्ट फ्लोरो वापरतच नव्हते, अल्ट्रासाउंडवर सुई घालायचे. रिपोर्टमध्ये लख्ख लिहिलेलं, तरी क्लेमवर ७३०४० आणि ७७००२ दोन्ही! तिथे २३३५० सोबत ७६९४२ लागतो, तेही इमेज सेव्ह केल्याचा उल्लेख असेल तर. काही रिपोर्टमध्ये तो उल्लेख नव्हता, तिथे गायडन्सचं काहीच बिल केलं नाही.

यावरून कारणही सापडलं. कोड रिपोर्टमधून येतच नव्हते. आरआयएसमध्ये (रेडिओलॉजी विभागाच्या सॉफ्टवेअरमध्ये) ‘एमआर आर्थ्रो शोल्डर’ म्हणून एक चार्ज मॅक्रो होता, टेक्निशियनने तपासणी पूर्ण केली की चारही कोड आपोआप पडायचे, आणि कॉन्ट्रास्टचे युनिट टेक्निशियनने भरलेल्या ‘इंजेक्टेड व्हॉल्यूम’वरून. मॅक्रो बनवला तेव्हा सेंटरला साधे आर्थ्रोग्राम खूप व्हायचे, तेव्हा ७३०४० ला अर्थ होता. गंमत म्हणजे गुडघ्याचा मॅक्रो स्वच्छ होता. का? कारण गुडघ्याच्या आर्थ्रोग्रामच्या इंजेक्शनचा जुना कोड २७३७० हा २०१९ मध्ये रद्द होऊन त्याच्या जागी २७३६९ आला, जुना कोड लोक साध्या सांध्याच्या इंजेक्शनला, म्हणजे जिथे २०६१० पाहिजे तिथे, चुकून वापरत होते म्हणून. रद्द झालेल्या कोडचे क्लेम रिजेक्ट व्हायला लागल्यावर कोणीतरी गुडघ्याचा मॅक्रो उघडला आणि उघडलाच आहे तर नीट केला. खांद्याचा कोड बदलला नाही, क्लेम कधी अडला नाही, म्हणून त्याकडे कोणी फिरकलंच नाही.

दुरुस्तीचं काम कंटाळवाणं होतं, थोडक्यात सांगते. कमर्शियलला फ्रिक्वेन्सी कोड ७ लावून सुधारित क्लेम. मेडिकेअर पार्ट बीमध्ये हा ७ चालत नाही, तिथे रीओपनिंग मागावं लागतं. जिथे फक्त पैसे परत द्यायचे होते तिथे कोणी चेक मागितला, कोणी पुढच्या पेमेंटमधून वळते केले.

अजून एक निर्णय ७३२२३ चा. काही ऑर्डरवर सर्जनच्या ऑफिसने ‘विथ अँड विदाउट’ लिहिलं होतं, प्री-ऑथही (पेयरची आधीची मंजुरी) ७३२२३ चं मिळालेलं, पण सेंटरच्या प्रोटोकॉलमध्ये इंजेक्शनच्या आधी एकही सिक्वेन्स नव्हता. ऑथ काहीही म्हणो, झालं ते ७३२२२. इथे मॅनेजरबाईंची भीती खरी होती, कोड बदलला की ऑथ जुळत नाही आणि सीओ-१९७ ने (आधीची मंजुरी नाही म्हणून) पूर्ण एमआरआयच जातो. म्हणून सुधारित क्लेम पाठवण्याआधी पेयरला फोन करून ऑथमधला कोड बदलून घ्यायचा असा क्रम ठरवला. जिथे पेयरने मागच्या तारखेचं ऑथ बदलायला नकार दिला तिथेही क्लेम ७३२२२ नेच गेला, आणि त्यातले काही अडकले. ते पैसे गेले ते गेले.

निकाल

आरआयएसमधला मॅक्रो मोडला. आता फक्त २३३५० आणि ७३२२२ आपोआप पडतात, गायडन्सचा कोड रिपोर्ट वाचून कोडरनेच टाकायचा. रिपोर्टच्या टेम्प्लेटचं शीर्षक बदललं आणि त्यात गॅडोलिनियमसाठी वेगळी जागा आली: मूळ औषध किती एमएल, कशात पातळ केलं, किती टोचलं. स्क्रबरमध्ये (क्लेम जाण्याआधी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) दोन अडथळे टाकले, ७३०४० सोबत ७७००२ आलं तर थांब, आणि आर्थ्रोग्रामच्या क्लेमवर ए९५७९ एकापेक्षा जास्त युनिट असेल तर थांब. दुसऱ्या अडथळ्यात सुरुवातीला शिरेतून दिलेल्या गॅडोलिनियमचे क्लेमही अडकायला लागले, कारण नियम २३३५० ला नीट बांधलाच नव्हता, आयटीने तो आठवडाभर घोळवला.

पैशांचं बघायला गेलं तर ७३०४० जाऊन ७७००२ आल्याने फार फरक पडला नाही, परतावा जास्त करून गॅडोलिनियमच्या युनिटचा आणि दोन्ही ओळींना पैसे दिलेल्या कमर्शियल पेयरचा होता. क्लायंटला तो बोचला, साहजिक आहे. आमच्याकडे अकाउंट येण्याआधीच्या जुन्या क्लेमचं काय करायचं ते त्यांचे कंप्लायन्स आणि वकील बघत होते, आम्हाला त्यात घेतलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

अकाउंट घेताना आम्ही डिनायलचा अहवाल मागितला, मॅक्रोंची यादी मागितली नाही. ट्रान्झिशनच्या वेळी आरआयएसमध्ये कुठले कोड आपोआप पडतात हे मागायला एक ईमेल लागतो. प्रत्येक मॅक्रोमागचे दोन-तीन रिपोर्ट वाचले असते तर पहिल्याच महिन्यात हे कळलं असतं.

ऑडिटचं सॅम्पलही तसंच. आमचं सॅम्पल कोडरनुसार होतं, प्रत्येकाचे काही चार्ट, त्यात साधे एक्सरे आणि साधे एमआरआय भरपूर, आर्थ्रोग्राम कधीतरी एखादा. कमी संख्येच्या पण जास्त ओळींच्या प्रोसिजरचं वेगळं सॅम्पल हवं होतं, आणि त्यात पूर्ण पैसे मिळालेले क्लेम हवेत. खुब्याला हाच मॅक्रो जसाच्या तसा होता, २७०९३ (इंजेक्शन), ७३५२५ (रेडिओग्राफिक आर्थ्रोग्राफी), ७७००२, आणि वर काही क्लेममध्ये लिडोकेन दिसलं म्हणून २७०९३ च्या जागी २७०९५, म्हणजे ‘अनेस्थेशियासह’चा कोड, लावलेला. लोकल टोचलं म्हणून २७०९५ होत नाही. खांद्याचं निस्तरल्यावर हे बाहेर आलं, खरं तर दोन्ही एकदमच काढायला पाहिजे होते.

टेक्निशियनशी बोलायला आम्ही उशीर केला. रेसिपी, प्रोटोकॉल, अल्ट्रासाउंड वापरणारे डॉक्टर, हे सगळं त्यांना माहीत होतं. आमचे सगळे कॉल बिलिंग मॅनेजरशी, आणि बाईंनी प्रोसिजर कधी पाहिलेली नव्हती.

आणि सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट क्वेरी लॉगमध्ये (कोडरच्या शंकांच्या नोंदीत) सापडली. आमच्याच एका कोडरने बऱ्याच आधी लिहून ठेवलं होतं, ‘रिपोर्टमध्ये आर्थ्रोग्रामचं वाचन नाही, ७३०४० ठेवायचा का?’ खाली उत्तर होतं, ‘चार्ज ॲज पर क्लायंट टेम्प्लेट, प्रोसीड’, आणि क्वेरी बंद. तिच्याकडे अडून बसायला वेळ नव्हता, तासाला किती चार्ट हे टार्गेट डोक्यावर. आता त्या लॉगमधलं ‘क्लायंट टेम्प्लेट’ म्हणून बंद केलेलं प्रत्येक उत्तर दर महिन्याला ऑडिटकडे येतं आणि क्वेरीवर गेलेली मिनिटं त्या कोडरच्या टार्गेटमधून वजा होतात. दुसरी गोष्ट मान्य करून घ्यायला पहिलीपेक्षा जास्त भांडावं लागलं.